तिसरा रकाना

लीथल कंपनी हा खेळ मुळात चौघांचा आणि आम्ही भावंडं सातजण. तिघांनी बाजूला बसा असं म्हणायची आमच्या घरात कुणाचीच छाती झाली नसती. बहुतेक आम्ही खेळच सोडून दिला असता. जिनं तो सोडू दिला नाही तिचं माझ्याकडं बरंच देणं थकलंय, आणि फेडायचं नाव काढलं की ती रागावते. म्हणून निदान लिहून तरी ठेवावं.

ती म्हणजे अक्का, माझ्या थोरल्या आत्याची मुलगी. माहेर सुळग्याचं, म्हणजे आमच्या उचगावच्या शेजारचंच. सासर निपाणी. निपाणीत तिचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन कामांचं छोटं दुकान आहे. शेताचा उतारा काढून देणं, दाखल्यांचे अर्ज भरणं, आधारला मोबाइल जोडला गेलाय की नाही ते बघणं, असली कामं. अर्ज कानडीत, समोर उभा असलेला म्हातारा मराठी, आणि मध्ये अक्का. २०२३ च्या पावसाळ्यात कर्नाटक सरकारनं गृहलक्ष्मी योजना आणली, घरातल्या कर्त्या बाईला महिन्याला दोन हजार रुपये, तेव्हा कागदांच्या झेरॉक्ससाठी तिच्या दुकानातली बायकांची रांग रस्त्यावर आली होती. यंत्रानं अर्ज नाकारला की बाकीचे लोक शिव्या घालतात. अक्का ते नेमकं काय म्हणतंय ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. ही सवय तिला त्या दुकानानं लावली आणि पुढं ती आमच्या कामी आली.

त्याच साली दिवाळीनंतर उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर आल्या. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यातून मी दुसरी पाळी संपवून येताना वेंगुर्ल्याच्या रस्त्यावर, उचगाव फाट्याच्या अलीकडं, दिवा नसलेली एक ट्रॉली आडवी आली. उजव्या पायात सळई बसली. नोकरीवर बिनपगारी रजा. आई-बाबा सकाळी शेतावर जायचे ते दिवस कलल्यावर परत. पहिले पंधरा दिवस भेटायला माणसांची रीघ होती, केळी-बिस्किटांचे ढीग पडले. मग हळूहळू सगळे आपापल्या कामाला लागले. त्यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, पण दुपारी दोन ते सहा हा वेळ कॉटवर पडून कसा काढायचा हे ज्यानं काढलाय त्यालाच माहीत.

एका रविवारी अक्का आणि दाजी निपाणीहून आले. पाऊणशे किलोमीटर बसनं, आणि वर बेळगावात बस बदलून. दाजींच्या काखेत मॉनिटर, अक्काच्या हातात गोणपाटात गुंडाळलेला दुकानातला जुना सीपीयू. त्यात तिनं रॅम वाढवून ८ जीबी केली होती आणि कुणाकडून तरी जुनं ग्राफिक्स कार्ड घेऊन बसवलं होतं. कॉटला लागून टेबल सरकवलं, वायरी जोडल्या, कीबोर्ड माझ्या पोटावर ठेवला आणि म्हणाली, “शनवारी रात्री साडेनऊला सगळ्यांनी यायचं. तू पण.” मी किती पैसे झाले विचारलं. “वहीत लिवलंय,” म्हणाली. पुढं कधीतरी निपाणीला गेलो तेव्हा दुकानातली उधारीची वही चाळली. माझं नाव होतं, तारीख होती, रकमेची जागा कोरी होती.

खेळाविषयी थोडं सांगायला हवं, कारण ज्यांनी तो खेळलेला नाही त्यांना हे सगळं पोरखेळ वाटेल. झीकर्स या टोपणनावाच्या एकाच तरुणानं तो बनवला. २३ ऑक्टोबर २०२३ ला अर्धवट अवस्थेतच तो स्टीम या ऑनलाइन दुकानावर विकायला ठेवला आणि दोन महिन्यांत जगभर त्याचा बोलबाला झाला. त्या वर्षीच्या स्टीमच्या पुरस्कारांत ‘मित्रांबरोबर खेळायला सर्वांत चांगला’ हा मान त्यालाच मिळाला. तुम्ही एका कंपनीचे कंत्राटी कामगार. एका जुनाट यानातून ओसाड चंद्रांवर उतरायचं, पडक्या कारखान्यांत शिरायचं आणि भंगार गोळा करून आणायचं. तीन दिवसांत ठरलेला कोटा भरायचा, पहिला १३० चा, मग चढत जाणारा. भरला नाही तर सगळ्यांची गच्छंती. मध्यरात्री यान आपोआप उडतं, आत आलेला वाचला, बाहेर राहिलेला गेला. कारखान्यात नाना तऱ्हेची भुतं. एक असं की त्याच्याकडं बघत राहिलं तर जागचं हलत नाही आणि नजर वळली की अंगावर. बाहेर आंधळे कुत्रे, त्यांना दिसत नाही पण आवाज ऐकू येतो.

आणि खरी गंमत आवाजातच आहे. जवळचा माणूस मोठ्यानं ऐकू येतो, लांबचा बारीक, भिंतीपलीकडचा घुमल्यासारखा. कुणी मेला की त्याचा आवाज वाक्याच्या मध्येच तुटतो. “अरे इकडं ये, इथं एक मोठं यंत्र घावलं...” आणि मग काहीच नाही. किंकाळी नाही, सूचना नाही. तो मेला की नुसता लांब गेला, हे उरलेल्यांनी ठरवायचं. उद्यमबागेतल्या कंत्राटी पाळ्या केलेल्या माणसाला ही कंपनी अजिबात परकी वाटत नाही, हेही सांगून टाकतो.

तर सातजण. उचगावात मी, निपाणीत अक्का, पुण्यात तिचा धाकटा भाऊ आणि वहिनी, गोव्यात वेर्ण्याच्या एका कारखान्यात पाळीवर जाणारा चुलतभाऊ, फौजेतला सर्वांत धाकटा, आणि शिनोळीचा मामेभाऊ. आमच्या फाट्यावरून वेंगुर्ल्याच्या रस्त्याला लागलं की तुरमुरी, बाची आणि पुढं लगेच शिनोळी. सायकलवरून जाण्याएवढं अंतर, पण १९५६ पासून ते दुसऱ्या राज्यात. खेळात आम्ही एकमेकांना गावावरूनच हाक मारतो: पुणेकर, गोवेकर, शिनोळी. फौजीचं गाव सांगायचं नसतं, म्हणून तो नुसता फौजी.

चौघांचे सात करायचे म्हणजे नुसता एक आकडा बदलायचा असं मला वाटायचं. तसं नसतं. खोलीत किती जणांना घ्यायचं, कुणाचा आवाज कुणाला पोचवायचा, पडद्यावर किती नावं लिहायची, मेलेल्यांचा हिशेब कसा ठेवायचा, अशा ठिकठिकाणी चार गृहीत धरलेले असतात. ते सगळं एका कुणीतरी, नॉटनॉटनॉटस्वाइप्स असलं नाव घेणाऱ्या माणसानं, शोधून मोकळं केलं आणि ‘मोअर कंपनी’ नावाचा मॉड, म्हणजे मूळ खेळावर बाहेरून चढवायची ठिगळपट्टी, फुकट ठेवून दिला. खेळ बाजारात येऊन काही आठवडेच झाले होते. अक्कानं तो शोधला, तिथून आमची सुरुवात.

हे मॉड चालतात कसे, हे तिनंच मला कॉटवर पडल्या पडल्या समजावलं. खेळ युनिटी इंजिनवर बांधलेला, आतला कोड सी शार्पमधला. खेळ सुरू होताना विंडोजची विनएचटीटीपी नावाची एक फाइल मागतो. त्याच नावाची दुसरी फाइल खेळाच्याच फोल्डरात ठेवली तर तो ती आधी उचलतो. त्या फटीतून बेपइनएक्स नावाचा कार्यक्रम आत येतो, प्लगइन्सच्या फोल्डरातले सगळे मॉड एकेक करून चढवतो आणि मग खेळाला पुढं जाऊ देतो. मूळ कोडात बदल करायचं काम हार्मनी नावाचं वेगळं साधन करतं. ते एकानं भलत्याच खेळासाठी लिहिलेलं होतं. मूळ फाइलला हात न लावता, खेळ स्मृतीत असताना, अमुक काम करण्याआधी हे कर, केल्यावर ते कर, अशी पुस्ती जोडतं. थंडरस्टोअर ही मॉडांची पेठ आणि आरटूमॉडमॅन हा ते बसवून देणारा कारभारी, दोन्ही रिस्क ऑफ रेन टू या दुसऱ्याच खेळाच्या लोकांनी आपल्या सोयीसाठी उभे केलेले. म्हणजे उचगावातल्या एका कॉटवर सातजणांची शनिवारची बैठक बसावी यासाठी एकमेकांना न ओळखणाऱ्या कितीतरी जणांनी आधीच राबून ठेवलं होतं. यांतल्या कुणाचंही खरं नाव आम्हाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, पण अक्काच्या मॉडांच्या वहीच्या शेवटच्या पानावर त्यांची टोपणनावं बाळबोध अक्षरात लिहिलेली आहेत.

मॉड या गोष्टीशी माझी पहिली गाठही तिनंच घालून दिली होती, दोघांनाही नकळत. २००४ च्या सुमाराला ती पीयूसीला होती. सीईटीचा निकाल बघायला टिळकवाडीतल्या एका सायबर कॅफेत गेली तेव्हा मला बरोबर घेऊन गेली. साइट उघडेना, मी कंटाळून चुळबूळ करायला लागलो. तिनं शेजारच्या मशीनवर माझ्यासाठी तासाचे पैसे भरले. तिथं मी काउंटर-स्ट्राइक पहिल्यांदा बघितला. परतीच्या बसला पैसे पुरेनात म्हणून हिंडलग्यापर्यंत बसनं आणि पुढं चालत आलो. घरी तिनं मार खाल्ला, मी नाही. पुष्कळ वर्षांनी कळलं की तो खेळ मुळात खेळ नव्हताच. हाफ-लाइफ या खेळावर मिन्ह ली आणि जेस क्लिफ या दोन पोरांनी १९९९ साली चढवलेला मॉड होता. पुढं वॉल्व्ह कंपनीनं तो विकत घेतला आणि २००० साली पेटीत घालून विकला. बेळगावातल्या सगळ्या सायबर कॅफेंचा धंदा ज्यावर चालला ती एक हौसेची ठिगळपट्टी होती.

आता वहीविषयी. ही उधारीची नव्हे, दुसरी. शंभर पानी, आखीव. त्यात तीन रकाने: मॉड, आवृत्ती, कुणासाठी. पहिले दोन रकाने कुणीही भरेल. आवृत्ती लिहावीच लागते, कारण सातजणांकडं एकच आवृत्ती नसली तर एकाला दार उघडं दिसतं आणि दुसऱ्याला बंद. तिसरा रकाना ही अक्काची स्वतःची भर. ज्या मॉडापुढं कुणाचं नाव लिहिता येत नाही तो घ्यायचा नाही. लाखो लोकांनी उतरवून घेतलाय, पहिल्या पानावर झळकतोय, असल्या शिफारशींना ती किंमत देत नाही.

पहिल्या पानावरच्या नोंदी अशा आहेत. मोअर कंपनी, पुढं ‘सगळी’. लेट कंपनी, पुढं ‘गोवेकर’. मूळ खेळात यान एकदा निघालं की खोली बंद होते, नंतर कुणाला येता येत नाही. गोवेकराची पाळी दहाला सुटते, खोलीवर पोचून अंघोळ करून बसेपर्यंत अकरा वाजतात. लेट कंपनीमुळं दोन फेऱ्यांच्या मध्ये, यान आकाशात असताना, उशिरा आलेल्याला आत घेता येतं. एचडी लीथल कंपनी, पुढं ‘उचगाव’. नाव ऐकून वाटतं चित्र देखणं करायचा मॉड असेल, पण त्यातच चित्र खालावायचीही सोय आहे: धुकं कमी, सावल्या बंद, झाडंझुडपं गायब. माझा म्हातारा सीपीयू त्यामुळं तग धरायचा. शिपलूट, पुढं ‘शिनोळी’. यानात आतापर्यंत किती रुपयांचं, म्हणजे त्यांच्या चलनाचं, भंगार जमलंय त्याची बेरीज तो दाखवतो. शिनोळीवाला काजूच्या कारखान्यात हिशेब लिहितो, बेरीज दिसल्याशिवाय त्याला घास गिळत नाही. हा मॉड फक्त ज्याला हवा त्यानं बसवला तरी चालतो. बाकीचे बहुतेक सगळ्यांकडं लागतात. हा फरकही वहीत एका टिंबानं दाखवलेला आहे.

फौजीसाठी होता तो खेळातल्या टेपरेकॉर्डरमध्ये आपली गाणी घालायचा मॉड. सुट्टीवर आला की त्याला गावच्या गणपतीच्या मिरवणुकीतलं झांजपथक ऐकायचं असायचं. त्याच्याच फोनमध्ये ध्वनिमुद्रण होतं. पण त्यासाठी तीच फाइल, त्याच नावानं, सातही संगणकांवर त्याच फोल्डरात असावी लागते. अक्कानं ती सर्वांना पाठवली आणि प्रत्येकाकडून फोल्डराचा फोटो मागवून तपासला. मग एका ओसाड चंद्रावर, रात्री, आमच्या पथकाची झांज घुमली. त्या आवाजावर आंधळे कुत्रे आले आणि सातही जणांना खाऊन गेले. फौजी म्हणाला, पैसे वसूल.

वहिनी नागपूरकडच्या. त्यांनी आयुष्यात कधी माऊस धरून खेळ खेळलेला नव्हता. अंधार आवडत नाही असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. पुणेकर म्हणाला, मग तू बघत बस. अक्कानं त्याला गप्प केलं आणि वहिनींना यानातल्या पडद्यापुढं बसवलं. एकानं यानात थांबून नकाशावर ठिपके बघायचे, कुणाच्या मागं लाल ठिपका लागलाय ते सांगायचं, दरवाज्यांचे संकेत टाइप करून उघडायचे, पेरलेले सुरुंग काही क्षण बंद करायचे. हे काम मूळ खेळातच आहे, त्याला मॉड लागत नाही. चौघांत एक माणूस यानात बसवणं परवडत नाही, सातांत परवडतं. म्हणजे मोअर कंपनीचा खरा लाभ वहिनींनाच झाला. पुढं त्यांनी यानासाठी संदेश पाठवायचं यंत्र विकत घ्यायला लावलं. त्यात नऊच अक्षरं मावतात. रोमन लिपीत, नऊ अक्षरांत, ‘मागे बघ’ बसवणारी बाई म्हणून त्यांचा आमच्यात दरारा आहे. दोन महिन्यांत त्या “तिकडं जाऊ नगा” असं आमच्यासारखं बोलायलाही लागल्या.

पुणेकराच्या हट्टानं आला तो स्किनवॉकर्स. रगबग रेडफर्न या नावानं वावरणाऱ्याचा हा मॉड खेळताना तुमची बोलणी टिपून ठेवतो आणि नंतर ती भुतांच्या तोंडी घालतो. अंधारातून तुमच्याच भावाचा आवाज येतो, जाऊन बघावं तर भाऊ नाहीच. अक्का तयार नव्हती. तिसऱ्या रकान्यात तिनं पुणेकराचं नाव लिहिलं खरं, पण पुढं प्रश्नचिन्ह काढलं.

त्या आठवड्यात आत्या लेकीकडं निपाणीला राहायला आलेली. तिला हा प्रकार म्हणजे फोनवर बोलणं वाटायचं. अक्काचा माइक चालूच, आणि मागून आत्या दर दहा मिनिटांनी: “भाकऱ्या गार व्हाल्यात की गं. उठ की.” आम्ही कारखान्यात खोल उतरलो होतो. अक्का वर यानाकडं निघून गेलेली. मी आणि शिनोळी एका पाइपांच्या बोळात, हातात एकच विजेरी, तीही मंदावलेली. कोपऱ्यापलीकडून, अगदी कानाशी यावा तसा, आत्याचा आवाज आला: “भाकऱ्या गार व्हाल्यात की गं.” शिनोळी म्हणाला, “आत्या खाली कशी आली?” आणि बिचारा खरोखर दोन पावलं पुढं गेला. त्याचा आवाज तुटला. मी पायाच्या सळईसकट हसलो, इतका की आई आतून धावत आली. त्या अपघातानंतर मी पहिल्यांदा तसा हसलो होतो हे आईनं नंतर अक्काला फोन करून सांगितलं. आत्याला आम्ही समजावलं की तुझा आवाज राक्षस काढतोय. तिनं शांतपणे विचारलं, “मग त्यो तरी जेवला काय?” दुसऱ्या दिवशी वहीतलं प्रश्नचिन्ह खोडलेलं होतं.

अक्का नाही म्हणायची तेही सांगायला हवं, कारण मॉड निवडणं म्हणजे बहुतांशी नाकारणंच असतं. न दमता पळता येणारा मॉड, वजन न जाणवणारा मॉड, विजेरीची बॅटरी न संपणारा मॉड, सगळे मिळतात आणि सगळे लोकप्रिय आहेत. पुणेकराला सगळे हवे होते. विजेरीसाठी वेगळा खिसा देणारा मॉड तर मलाही हवासा वाटला. खेळाडूला चारच खिसे असतात आणि त्यातला एक विजेरीत जातो. अक्का म्हणाली, “प्रत्येकाकडं उजेड असला तर कुणी कुणासाठी थांबंल काय?” तेव्हा मला तिचा हिशेब उमगला. माणसं वाढवणारा मॉड तिला चालायचा, माणसाची गरज कमी करणारा चालायचा नाही. मला हा नियम आजही बिनतोड वाटतो. खेळ बनवणाऱ्यांनीही तो कुठंतरी लिहून ठेवावा.

दुसरी तिची कडक बाब सुरक्षेची. मॉड म्हणजे चित्रं किंवा गाणी नव्हेत, तो तुमच्या संगणकावर तुमच्याच अधिकारानं चालणारा कार्यक्रम असतो. जून २०२३ मध्ये माइनक्राफ्टच्या मॉडांतून फ्रॅक्चरायझर नावाचा उपद्रव पसरला होता. मॉड बनवणाऱ्यांचीच खाती ताब्यात घेऊन नावाजलेल्या मॉडांत तो घुसवला होता, आणि तो साठवलेले पासवर्ड चोरायचा. अक्काच्या दुकानातल्या मशीनवर लोकांचे आधार क्रमांक, बँकेचे कागद. त्यामुळं तिचा खेळाचा संगणक घरी, दुकानाचा दुकानात, आणि दोन्हींत पेनड्राइव्हची देवाणघेवाण नाही. कुणी गप्पांच्या ग्रुपवर टाकलेली फाइल आम्ही उघडायची नाही. आज आलेला मॉड आज घ्यायचा नाही, आठवडाभर दुसऱ्यांना खेळू द्यायचं.

एप्रिल २०२४ मध्ये खेळाची ५० वी आवृत्ती आली. नेमका फौजी सुट्टीवर आलेला आणि सोमवारी परत जायचा. पुण्यात आणि गोव्यात खेळ आपोआप नवा झाला, शिनोळीत आणि माझ्याकडं जुनाच. एकमेकांच्या खोलीत शिरता येईना. सगळ्यांनी नवा करून घेतला तर मॉड कोसळले: काळा पडदा, आणि मागं नुसता वाऱ्याचा आवाज. पुणेकर म्हणाला, आज राहू दे. फौजी काहीच बोलला नाही.

अक्कानं नऊला दुकान बंद केलं होतं. जेवलीही नव्हती. तिनं माझा पडदा व्हिडिओ कॉलवर मागितला आणि बेपइनएक्सच्या फोल्डरातली लॉगआउटपुट नावाची फाइल उघडायला लावली. हजारभर ओळी. “खालनं नको, वरनं ये. ‘एरर’ लिवलेली पयली वळ कुठाय ती सांग.” शेवटी दिसणाऱ्या चुका बहुतेक वेळा पहिल्या चुकीच्या लेकरा-बाळांसारख्या असतात, हे तिचं म्हणणं. पहिली ओळ सापडली: मिसिंग मेथड एक्सेप्शन, आणि पुढं एका मॉडाचं नाव. म्हणजे काय, विचारलं. “खेळातल्या अमक्या कामाला मी जोडलेला हाय, पर ते काम नव्या आवृत्तीत न्हाईच, असं म्हणालंय.” तो मॉड बंद केला. तरी काळाच पडदा, या वेळी एररची ओळसुद्धा नाही. मग तिनं दुसरा मार्ग धरला. ज्यांच्यावर इतर मॉड उभे असतात ते पायाचे मॉड सोडून बाकीच्यांतले निम्मे बंद. चालला. म्हणजे दोष बंद केलेल्या निम्म्यात. त्यातले निम्मे चालू. असं करत एकच उरला. तो वहीत नव्हताच. पुणेकरानं कधीतरी हळूच घातलेला, यानाला रंगीत दिवे लावणारा, आणि मॉडांच्या यादीचा जो कोड आम्ही एकमेकांना पाठवतो त्यातून सगळ्यांकडं गेलेला. अक्का त्याला काही बोलली नाही. नवी यादी केली, आरटूमॉडमॅनमधून तिचा कोड काढून सगळ्यांना पाठवला, सगळ्यांनी आत घेतला. स्टीमला सांगून ठेवलं की खेळ उघडल्याशिवाय नवा करायचा नाही. दीड वाजता यान उडालं. फौजीला ती रात्र आणि रविवारची रात्र मिळाली.

माझ्या पायाची सळई काढून आता बराच काळ झाला. उद्यमबागेत पुन्हा रुजू झालो, पहिल्या पगारातून अक्काला पैसे पाठवले. तिनं त्यातून ज्यांचे मॉड आम्ही वापरत होतो, आणि ज्यांनी देणगी घ्यायची सोय ठेवली होती, अशांना थोडे थोडे पाठवले आणि उरलेले माझ्याच खात्यावर परत टाकले. वर म्हणाली, “त्यांचं देणं आधी. माझं काय, मी हितंच हाय.” एकानं उत्तरादाखल दोन शब्द आभाराचे लिहिले. ते तिनं झेरॉक्स काढून दुकानात काउंटरच्या काचेखाली ठेवलेत. निपाणीच्या म्हाताऱ्यांना ते कुठल्यातरी सरकारी योजनेचं पत्र वाटतं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये रेपो आला, तो सहाजणांचा. जूनमध्ये पीक आला, डोंगर चढायचा, पुन्हा चौघांचा. आम्ही दोन्ही घेतले, दोन्हींना माणसं वाढवणारे मॉड घातले. पण शनिवारी बहुतेक वेळा गाडी जुन्या कंपनीवरच येते. सध्या सगळं बसवायचं काम माझ्याकडं आहे. अक्काच्या मुलीचं बारावीचं वर्ष, दुकानाचं काम वाढलेलं, म्हणून तिनं वही माझ्या हातात दिली. आपण मात्र साडेनऊला न चुकता येते. यादी तिला दाखवल्याशिवाय मी कोड काढत नाही.

यादीत आज नऊ मॉड आहेत. पुणेकर कधीचा दहाव्यासाठी मागं लागलाय. तिसऱ्या रकान्यात तो दर वेळी स्वतःचंच नाव सुचवतो, म्हणून त्याचा अर्ज नामंजूर आहे.